वारली भिंत: रंगवून घेण्याआधी



हल्ली घरात, सभागृहात, बालवाडीत एखादी भिंत वारली चित्रांनी रंगवून घेण्याची आवड वाढली आहे. रंगारी विटकरी रंगाचा पट्टा मारतो, स्टेन्सिल धरून पांढरी माणसे उमटवतो, आणि संध्याकाळपर्यंत भिंत तयार! आवड चांगलीच आहे. पण ज्यांच्या घरून हे चित्र आले, त्यांच्या भिंतीवर ते कसे येते हे आपण समजून घेऊ या.

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार भागातले जुने वारली घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून भिंत करायची आणि तिला शेणमातीचा लेप द्यायचा. तो वाळला की गेरूचा हात फिरवायचा. पांढरा रंग म्हणजे पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे अंग झाले. ही भिंत सारवली की चित्र जाते आणि पुढच्या लग्नाला नवे येते. ते वर्षानुवर्षे टिकावे अशी अपेक्षाच नसते.

लग्न म्हटले, कारण या चित्राचे मूळ तिथे आहे. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर लग्नचौक लिहितात. चौकोनी नक्षीच्या आत पालघाट देवी, भोवती झाडे, सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. म्हणजे आपण ज्याला सजावट म्हणतो, ते त्यांच्या लेखी विधीचे काम आहे.

मग ते कागदावर कसे आले? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला विभागाच्या वतीने डहाणूकडे गेले आणि त्यांनी वारल्यांना कागद व रंग दिले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे तेव्हापासून जगापुढे आली. म्हशे लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढीत. शेती, मासेमारी, तारप्याभोवती फिरणारा नाच हे सारे त्यांच्या कागदावर उतरले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांच्यामागून अनेक तरुणांना या कलेने रोजी दिली. मात्र कागदाबरोबर पुरुषांची नावे पुढे आली आणि भिंतीवर लिहिणाऱ्या बाया मागे राहिल्या. हे मला नेहमी खटकते.

आता आपल्या सभागृहाची भिंत. चौक आणि देवी तिथे काढू नये. आपली श्रद्धा वेगळी आहे हे एक कारण झाले. दुसऱ्याच्या पूजेची वस्तू शोभेसाठी टांगू नये, हे मला त्याहून मोठे वाटते. कापणी, घर बांधणे, विहीर, झाडावर चढणारा माणूस, गुरे असे विषय भरपूर आहेत. कोणते घ्यावेत हे चित्रकारालाच विचारावे.

सिमेंटच्या भिंतीवर पिठाचा रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. तिथे गेरूच्या छटेचा साधा भिंतीचा रंग आणि वर पांढरा अ‍ॅक्रिलिक चालतो. चकचकीत ऑइलपेंट टाळावा, कारण उजेड पडला की बारीक रेघा दिसत नाहीत. ओल असलेली भिंत आधी दुरुस्त करावी.

वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आहे. त्याने नावाला संरक्षण मिळते, पण स्टेन्सिल घेऊन येणाऱ्या रंगाऱ्याला कोणी अडवत नाही. म्हणून काम कोणाला द्यायचे हे आपल्याच हाती राहते. पाड्यावरच्या चित्रकाराला बोलवा, शक्य तर बायांना. दर आधी ठरवा. रंग, प्रवास आणि जेवण वेगळे धरा. ‘सेवा म्हणून करून द्या’ असे म्हणू नका, सुताराला आपण तसे म्हणत नाही. निम्मे पैसे काम सुरू होताना द्या, कारण त्या दिवसांची शेतावरची मजुरी बुडते. आणि काम झाले की भिंतीच्या कोपऱ्यात त्यांचे नाव व पाड्याचे नाव त्यांच्याच हाताने लिहून घ्या.