न पाहिलेल्या मुलांशी देवघेव

देवघेव म्हणजे काय हे आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बोहारीण दारात येते. आई जुन्या साड्या काढते आणि बोहारीण टोपलीतून पातेले काढते. आई म्हणते, "एवढ्या साड्यांवर एवढंसंच?" मग बोहारीण साडी उलगडून उजेडात धरते आणि विरलेली जागा दाखवते. मग आई बाबांचा एक शर्ट आणखी टाकते. असा सौदा होतो. आम्ही मुलेसुद्धा करतो. एक मोठी गोटी दिली तर चार बारक्या मिळतात. ह्यात फसवाफसवी कमी होते, कारण दोघांच्या वस्तू दोघांच्या डोळ्यांसमोर असतात.

पण समजा समोरचा माणूस दिसतच नाही. तो लांब दुसऱ्या गावाला राहतो. त्याची वस्तू आपण पाहिलेली नाही आणि आपली त्याने पाहिलेली नाही. आपण हाताने केलेली वस्तू आधी टपालाने पाठवून द्यायची आणि मग वाट बघत बसायचे. अशी देवघेव जगात पुष्कळ ठिकाणी चालते. गुरुजींनी आम्हाला तिची माहिती सांगितली आणि ह्या वर्षी आमच्या वर्गाने ती करूनही पाहिली. ती माहिती येथे लिहिली आहे. पालकांनीही वाचावी, कारण काही पालकांनी शंका काढली होती. तिचे उत्तर पुढे येईल.

आधी बाहुल्यांची हकीकत ऐका. ही गोष्ट नाही, खरे घडलेले आहे.

अमेरिकेत डॉ. सिडनी गुलिक नावाचे एक गृहस्थ होते. ते पूर्वी पंचवीस वर्षे जपानमध्ये राहिले होते. १९२४ साली अमेरिकेने कायदा केला की जपानी लोकांनी आमच्या देशात राहायला येऊ नये. त्यामुळे दोन देशांचे बिनसले. गुलिक यांना वाईट वाटले. ते म्हणाले, मोठी माणसे ऐकत नाहीत तर मुलांची ओळख करून देऊ. जपानमध्ये ३ मार्चला मुलींचा बाहुल्यांचा सण असतो. त्याला हिनामात्सुरी म्हणतात. त्या सणासाठी अमेरिकेतल्या मुलांनी बाहुल्या पाठवाव्यात असे ठरले. बाहुली दुकानातली असे, पण तिचा फ्रॉक मुलींनी आणि त्यांच्या आयांनी घरी शिवलेला असे. प्रत्येक बाहुलीला नाव दिले. तिच्याबरोबर एक पत्र आणि चक्क पासपोर्ट दिला! बाहुलीचा पासपोर्ट ऐकून आमचा सगळा वर्ग हसला.

अशा १२,७३९ बाहुल्या १९२७ साली जपानला गेल्या. त्या टपालाने नाही, आगबोटीने खोक्यांतून गेल्या, पण रीत तीच. ज्या मुलीने फ्रॉक शिवला तिला ठाऊक नव्हते की तो कोणाच्या हातात पडणार. जपानमध्ये त्या बाहुल्या शाळाशाळांतून आणि बालवाड्यांतून वाटल्या. कितीतरी बाहुल्या आडव्या केल्या की डोळे मिटत आणि हलवल्या की आवाज काढत. तिथल्या मुलांना त्याचे फार नवल वाटले.

आता घेतले तर परत द्यायला पाहिजे ना? जपानमध्ये शिबुसावा एइइची नावाचे मोठे उद्योगपती होते. (२०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर ह्यांचेच चित्र आहे.) त्यांनी परतभेटीचे काम हाती घेतले. शाळेतल्या मुलींनी एक एक सेन गोळा केला. सेन म्हणजे त्यांचा पैसा. त्या पैशांतून तिथल्या चांगल्या चांगल्या कारागिरांनी ५८ बाहुल्या केल्या. १२,७३९ ला ५८ हा सौदा बोहारणीने कधीच केला नसता. पण त्या बाहुल्या कशा होत्या ते बघा. उंची ८१ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पहिलीतल्या मुलाच्या छातीएवढी. चेहऱ्यावर शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीचा लेप. त्याला गोफुन म्हणतात. केस माणसाचे खरे केस. अंगात रेशमी किमोनो, आणि बरोबर चहाची छोटी भांडी, कंदील, पेटी असे सामान. एक एक बाहुली करायला कारागिरांना किती बसावे लागले असेल! १९२७ सालीच त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. मला वाटते हा सौदा बरोबरच होता. संख्या बघायची का मेहनत बघायची, हा प्रश्न आमच्या वर्गातही पुढे आला.

पुढे वाईट झाले. १९४१ साली जपान आणि अमेरिका यांचे युद्ध सुरू झाले. मग जपानमध्ये म्हणू लागले की ह्या शत्रूच्या बाहुल्या आहेत. १९४३ च्या सुमारास पुष्कळ बाहुल्या जाळल्या, मोडून टाकल्या. पण काही शिक्षकांना आणि माणसांना ते बघवले नाही. त्यांनी बाहुल्या लपवून ठेवल्या. तेव्हा असे करणे धोक्याचे होते, तरी केले. युद्ध संपल्यावर पुष्कळ वर्षांनी त्या एकेक करून सापडल्या. आज जपानमध्ये तीनशेच्या वर बाहुल्या शिल्लक आहेत. अमेरिकेत गेलेल्या ५८ मधल्या चाळीसच्या वर सापडल्या आहेत. १९८० नंतरच्या दशकात गुलिक यांच्या नातवाने जपानच्या शाळांना पुन्हा नव्या बाहुल्या पाठवायला सुरुवात केली.

आमच्या वर्गातल्या एकाने विचारले, "गुरुजी, ज्यांनी लपवली त्यांना ती पाठवणारी पोरगी माहीत होती का?" गुरुजी म्हणाले, "नाही." मग थोडा वेळ कोणी बोलले नाही.

एवढ्या मोठ्या बाहुल्या आपल्याला जमणार नाहीत. म्हणून गुरुजींनी दुसरी रीत सांगितली. ती छोट्या कार्डांची आहे. १९९७ साली स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात वांची स्टिर्नेमान नावाच्या चित्रकाराने ती सुरू केली. पत्त्याच्या पानाएवढे कार्ड घ्यायचे. त्याचे माप ६४ मिलिमीटर आणि ८९ मिलिमीटर. त्यावर स्वतःच्या हाताने काहीही करायचे. चित्र काढा, कागद चिकटवा, दोऱ्याने शिवा. मागच्या बाजूला नाव आणि तारीख लिहायची. नियम मोठा एकच आहे. कार्ड विकायचे नाही, फक्त बदलायचे. कोणी कितीही पैसे देऊ म्हटले तरी विकायचे नाही. आता ही रीत देशोदेशी पसरली आहे आणि लोक एकमेकांना टपालाने कार्डे पाठवतात.

आम्ही कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका घेतल्या. त्यांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू बहुधा कोरी असते. पट्टीने ६ सेंटिमीटर ४ मिलिमीटर रुंदी आणि ८ सेंटिमीटर ९ मिलिमीटर उंची आखली. ज्यांना लग्नपत्रिका मिळाली नाही त्यांना गुरुजींनी पुठ्ठ्याचा कागद दिला. तो २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब होता. अशा एका कागदात किती कार्डे बसतात हे गणित आम्हाला घातले. उभी तीन आणि खाली तीन, मिळून ९ बसतात. आडवी आखली तर ८ च बसतात. करून बघा.

आमची १६ कार्डे झाली, कारण वर्गात आम्ही १६ जण आहोत. आमच्याकडे ज्वारी होते म्हणून बऱ्याच जणांनी ज्वारीच्या धाटाची साल सोलून, तिच्या पिवळ्या पट्ट्या कापून चिकटवल्या. त्याच्या झोपड्या, बैलगाड्या, खळे झाले. सुकल्यावर त्या पट्ट्या सोन्यासारख्या चमकतात. एकीने गेरूने बैल काढला. एकाच्या घरी मेंढ्या आहेत, त्याने खरी लोकर लावून मेंढरू केले. माझ्या मते तेच सगळ्यांत भारी होते. हात लावल्यावर खरे वाटायचे.

ती कार्डे आम्ही समुद्राकाठच्या एका शाळेच्या चौथीला पाठवली. पत्ता गुरुजींनी मिळवला, पण तिथले एकही मूल आमच्या ओळखीचे नव्हते.

आता पालकांची शंका. काही जण म्हणाले, "ओळख ना पाळख, त्यांना कशाला पाठवायचं? आणि आलंच नाही तर?" गुरुजींनी सभेत सांगितले ते असे. पाकिटावर पत्ता शाळेचाच घालायचा, घरचा नाही. फोन नंबर लिहायचा नाही. कार्डाच्या मागे फक्त पहिले नाव आणि इयत्ता. पैसे पाठवायचे नाहीत, मागायचे नाहीत. आलेले पाकीट वर्गात सगळ्यांसमोर उघडायचे. राहता राहिले परत न येण्याचे. त्याला गुरुजी म्हणाले की तेवढी तयारी ठेवूनच पाठवायचे असते. हे काही पालकांना पटले, काहींना नाही.

पाकीट बांधायचे कसे तेही लिहितो, कारण इथे चूक झाली तर मेहनत वाया जाते. पोस्टात तिकिटावर शिक्का मारतात तो जोरात बसतो. म्हणून कार्डे दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून दोऱ्याने बांधावीत. आधी प्लॅस्टिकची पिशवी घालावी म्हणजे पावसात भिजत नाहीत. दाणे चिकटवू नयेत, किडा लागतो. काच आणि टाचण्या नकोत. शिक्के मारणाऱ्याच्याही हाताला लागेल. मग पोस्टात वजन करून घ्यावे. वजन वाढले की तिकीट वाढते. तिकीट कमी पडले तर घेणाऱ्याकडून पैसे मागतात, म्हणजे भेट देऊन वर दंड! पोच पाहिजे असेल तर पूर्वी रजिस्टर करत. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवले, म्हणून आता स्पीड पोस्ट करतात.

पत्त्यात सर्वांत महत्त्वाचा पिनकोड. आपल्या देशात एकाच नावाची गावे किती आहेत! वडगाव म्हटले तर कोणते वडगाव? म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केला. ते टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडित होते, आणि आपले मराठी होते. पिनकोडात सहा आकडे असतात. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. आपल्या महाराष्ट्राचा ४ आहे, गोव्याचा पण ४, आणि मध्य प्रदेश व छत्तीसगडचाही ४. ९ ने सुरू झाला तर ते सैन्याचे टपाल. पहिले तीन आकडे मिळून जिल्ह्यापर्यंत नेतात आणि शेवटचे तीन आपल्या पोस्टापर्यंत. परदेशी पाठवायचे तरी तिकीट इथलेच चालते, वाटेतल्या देशांचे वेगळे लावावे लागत नाही. तो करार १८७४ साली बर्न शहरात २२ देशांनी केला आणि भारत त्यात १८७६ साली आला.

आमचे पाकीट गेले. दहा दिवस झाले, पंधरा झाले, काहीच नाही. पोस्टमन काका दिसले की आम्ही खिडकीत. ते लांबूनच हात हलवून नाही म्हणायचे. तेविसाव्या दिवशी त्यांनी सायकल शाळेत वळवली.

पाकिटात १४ कार्डे होती. आम्ही १६ आणि ती १४. दोघांना काय द्यायचे? शिवाय त्यांनी काही कार्डांवर बारके शिंपले चिकटवले होते, त्यातल्या तीन कार्डांवरचे वाटेत फुटून भुगा झाला होता. मुले कुरकुरली. एक म्हणाला, "आमचं भारी आणि त्यांचं हे असलं." मग गुरुजींनी बरोबर आलेले पत्र वाचले. त्यांच्या वर्गात मुलेच १४ आहेत. त्यांनी लिहिले होते की तुमची दोन कार्डे जास्त झाली ती आम्ही शाळेच्या कपाटाला लावली आहेत, सगळ्या शाळेची म्हणून. आणि विचारले होते की तो पिवळा चमकणारा कागद कोणत्या दुकानात मिळतो! आम्ही केवढे हसलो. ज्वारीचे धाट त्यांनी पाहिलेच नव्हते.

मला आले ते होडीचे कार्ड होते. चित्र साधेच, निळ्या पेन्सिलचे. पण मागे लिहिले होते, "ही आमची होडी. बाबा येईपर्यंत आई जेवत नाही." ते मी घरी नेले तेव्हा आजीने दोनदा वाचायला लावले. आता ते देवाच्या फळीवर आहे.

कार्ड न मिळालेल्या दोघांनी फुटलेल्या शिंपल्यांचा भुगा मागून घेतला. गोफुनची हकीकत त्यांच्या लक्षात होती. त्यांनी भुगा पाट्यावर बारीक वाटला, खळीत कालवला आणि नव्या कार्डांवर पांढरा बैल रंगवला. थोडा खरबरीत झाला आहे, पण बैल वाटतो. ती दोन कार्डे आणि ज्वारीच्या सालीची एक जुडी असे दुसरे पाकीट सोमवारी जाणार आहे.

तिसऱ्या पाकिटासाठी जाड कागद संपला आहे. ज्यांच्या घरी जुन्या लग्नपत्रिका असतील त्यांनी चौथीच्या वर्गातल्या खोक्यात आणून टाकाव्यात. गणपतीचे चित्र असलेला भाग आम्ही कापत नाही, तो वेगळा काढून परत देतो.