उमेदवाराचा अनुभव कसा पारखावा

पोरांनो, पहिल्यांदा मतदान करणार आहात म्हणून चार गोष्टी सांगतो. गेवराई तालुक्यात ग्रामसेवकी करण्यात माझी उमर गेली, त्यामुळे कारभार जवळून पाहिलाय. आमदारकी-खासदारकीला उभा राहिलेला माणूस 'पंचवीस वर्षं राजकारणात आहे' म्हणाला, की लगेच मान डोलावू नका. कोणत्या पदावर होता आणि तिथं बसून कोणतं काम तडीला नेलं, ते विचारा. अनुभव लागतोच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो कारभाराचा असावा. सत्कार, उद्घाटनं आणि लग्नातल्या हजेऱ्या त्यात धरू नका.

खालच्या पदापासून चढत आलेल्याला माझं झुकतं माप आहे. शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख आधी बाभळगावचे सरपंच होते, मुख्यमंत्री फार नंतर झाले. आर. आर. पाटील १९७९ ते १९९० सांगली जिल्हा परिषदेत होते. २००० साली ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. ग्रामसभेला कोरम का भरत नाही आणि बक्षिसाची चुरस लागली की तेच गाव कसं झाडू घेऊन उतरतं, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

उमेदवार पारावर आला की पाण्याचं काढा. जायकवाडीचा उजवा कालवा आपल्याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. म्हणा, 'साहेब, टेलला पाणी पोचत नाही.' नवखा म्हणेल, 'निवडून द्या, पाणी आणून दाखवतो.' नुसताच मुरलेला तिथल्या तिथं अधिकाऱ्याला फोन लावेल. टाळ्या पडतील, चारी कोरडीच राहील. काम केलेला माणूस आधी तुम्हालाच विचारेल: कोणती चारी? गेट धड आहे का? पाणी मागणीचे अर्ज भरलेत का? पाणी वापर संस्था चालू आहे का बंद पडली? मग सांगेल, की आवर्तनाचा विषय कालवा सल्लागार समितीत निघतो आणि तिथं मी हे असं मांडेन. अशा माणसाचे प्रश्न नीट ऐका. त्याला फाइल कुठं अडते ते ठाऊक असतं.

आता वयाचं. तरुण उमेदवार दिसला की म्हातारी माणसं 'कालचं पोर' म्हणून नाक मुरडतात. त्यांना राक्षसभुवनला घेऊन जा. शनीच्या दर्शनाला आपण जातोच, पण १० ऑगस्ट १७६३ ला त्याच गोदाकाठी निजामाची आणि मराठ्यांची लढाई झाली. राघोबादादा तेव्हा नावाजलेला सेनानी होता, अटकेच्या मोहिमेचं यश त्याच्या गाठीशी. पुतण्या माधवराव अठरा वर्षांचा. पेशवाई मिळून दोनच वर्षं झालेली. आदल्याच वर्षी चुलत्यानं निजामाची मदत घेऊन त्याला हरवलं होतं, आणि राज्य फुटू नये म्हणून माधवराव स्वतः होऊन चुलत्याच्या नजरकैदेत गेला होता. राक्षसभुवनला गोदावरीला पूर होता. निजाम पलीकडे उतरलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर निम्म्या फौजेसह अलीकडे अडकलेला. लढाईत राघोबा शत्रूच्या वेढ्यात सापडला, तेव्हा माधवरावानंच धावून जाऊन त्याला सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुढं कारभाराची सूत्रं पुतण्याच्या हाती आली.

यातून अनुभव कुचकामी, असं समजू नका. राघोबाजवळ अनुभव भरपूर होता, पण तो घर फोडायलाही वापरला गेला. म्हणून अनुभवी उमेदवाराला दुसरा प्रश्न हमखास विचारा: तुझा अनुभव आजवर कुणाच्या कामी आला?

निवडणूक न लढवलेल्यालाही अनुभव असू शकतो. क्रांतिसिंह नाना पाटलांनी सातारा भागात प्रतिसरकार चालवलं, गावोगावी न्यायनिवाडे केले. तो कारभारच होता, खुर्ची तेवढी नव्हती. १९५७ ला ते साताऱ्याकडून लोकसभेत गेले, आणि १९६७ ला बाहेरच्या जिल्ह्याचे असूनही बीडनं त्यांना निवडून दिलं.

कोरी पाटी घेऊन थेट वर बसणाऱ्याची जोखीमही ओळखून घ्या. २८ नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. घटना सहा महिन्यांची मुभा देते. मध्येच कोरोना आला, निवडणुका थांबल्या आणि मे २०२० मध्ये मुदत संपत आली असताना ते विधान परिषदेवर गेले. त्यांच्या कारभाराबद्दल तुमचं मत काहीही असो, असा माणूस निवडताना त्याच्या शेजारी कोण बसणार, हे आधी पाहावं. संकटात नवख्याचा हात तेच धरतात, किंवा सोडतात.

आता कागदाचं. अर्जासोबत प्रत्येक उमेदवार शपथपत्र देतो: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येतं. पुन्हा उभा असेल तर मागच्या निवडणुकीचंही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. खासदारानं सभागृहात कोणते प्रश्न विचारले, तेही लोकसभेच्या संकेतस्थळावर सापडतं. जिल्हा परिषदेत किंवा पंचायत समितीत बसलेला असेल, तर त्या सभांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तेव्हा आचारसंहिता लागायची वाट पाहू नका, अर्ज या आठवड्यातच टाका.