खाडीकाठचा वारसा आणि पर्यटन : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथीसाठी)

उद्दिष्ट.— गावचा निसर्ग व गावच्या परंपरा हे गावाचे धन होय. ते आधी जपावे, मग पाहुण्यास दाखवावे, आणि त्यापासून होणारा लाभ गावातच राहावा, ही जाणीव विद्यार्थ्यांत निर्माण करणे.

पार्श्वभूमी.— ठाणे शहराच्या उत्तर अंगास, उल्हास नदीच्या खाडीवर कोलशेत हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव आहे. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत असून उंच इमारती त्याच्या वेशीस भिडल्या आहेत. याच नदीवर वरच्या बाजूस कल्याण हे प्राचीन बंदर; कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत तेथील दानकर्त्यांचे उल्लेख सापडतात. २०१६ च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ मध्ये समाविष्ट झाली, व त्या योजनेत कोलशेतच्या धक्क्याचाही अंतर्भाव आहे. धक्क्यावर उतरणाऱ्यास दाखवावयाचे काय, याचा विचार मात्र गावानेच करावयाचा आहे. खाडीकाठच्या प्रत्येक गावास हे उदाहरण लागू पडते.

पूर्वतयारी.— भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून शिक्षकाने आदल्या दिवशी मच्छीमारांकडून ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस टाळावेत. मुलांना चिखलात उतरू देऊ नये. निरीक्षण बांधावरूनच करावे.

पाठाचे टप्पे.—

१. निरीक्षण : तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दाखवावीत. खाऱ्या चिखलात हवा खेळत नाही, म्हणून मुळेच वर येऊन श्वास घेतात, हे सांगावे. या मुळांच्या आश्रयाने कोळंबी व मासळीची पिले वाढतात. निवटी व चिंबोरी मुलांनी स्वतः शोधावीत.

२. विचारपूस : मुलांनी घरच्या आजी-आजोबांस विचारावे : पाग कसा टाकतात? उधाण व भांग कशास म्हणतात? नारळी पौर्णिमेस काय करतात? हे ज्ञान पुस्तकात नाही. वृद्धांच्या स्मरणात आहे. त्यांच्या हयातीत ते टिपून घेतले नाही, तर पुढील पिढीस ते कोणत्याही किमतीस मिळणार नाही.

३. नोंदवही : चार रकाने आखावेत : (अ) स्थळ, वस्तू वा प्रथा, (आ) तिची माहिती कोणास आहे, (इ) तिला आज कोणता धोका आहे, (ई) ती पाहुण्यास दाखवावी की नाही. चौथा रकाना विशेष महत्त्वाचा. पक्ष्यांची घरटी किंवा एखादा खाजगी धार्मिक विधी दाखवू नये असे गावास वाटल्यास तसे स्पष्ट लिहावे. सर्वच वारसा प्रदर्शनासाठी नसतो.

४. उदाहरण : रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे व जनावरे नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साह्याने घरट्यांचे संरक्षण आरंभिले. पिले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले, ते त्यानंतर. आणि ते राहिले ग्रामस्थांच्याच घरी. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट पाहुण्यांना होडीतून तिवरांचे वन दाखवितो. दोन्ही ठिकाणी माहिती सांगणारे व मोबदला घेणारे हात गावचेच आहेत.

चर्चेचे प्रश्न.— तिवरे तोडून वाहनतळ केल्यास पाहुणे काय पाहतील? पाहुण्यांनी टाकलेला कचरा कोणी उचलावा? एका वेळी किती होड्या खाडीत असाव्यात?

स्वाध्याय.— गावातील एका स्थळाची पाच वाक्यांत माहिती लिहा व पाहुण्यांसाठी तीन नियम तयार करा.

शिक्षकांस सूचना.— २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. मुलांच्या वहीतील नोंदी जाणत्या ग्रामस्थांकडून तपासून घ्याव्यात व एक प्रत त्या समितीस द्यावी. वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. एखादी नोंद खोडावी लागली, तर ती का खोडली हेही त्या वर्गाने लिहावे. गावाने काय गमावले ते त्यावरून मुलांनाच प्रथम उमगेल.