धरणाच्या पोटातली हवा

हॉस्टेलची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की नळ आधी फुरफुरतो आणि मग पाणी सोडतो. पाइपात अडकलेल्या हवेचा हा खेळ. आपल्याला त्याचं हसू येतं, पण धरणाच्या विमोचकात, म्हणजे आउटलेटमध्ये, तोच खेळ महागात पडतो. पेंचचं पाणी पिणाऱ्या नागपूरकरांनी तर हे समजून घ्यायलाच हवं.

विमोचकाचा दरवाजा थोडाच उघडला की खालून पाण्याचा झोत सेकंदाला २०-२५ मीटर वेगाने सुटतो. जाताना तो आजूबाजूची हवा ओढून नेतो. तिच्या जागी नवी हवा आली नाही, तर दरवाजामागचा दाब वातावरणापेक्षा खाली जातो. मग दरवाजा थरथरतो. पाण्यात वाफेच्या पोकळ्या तयार होतात आणि त्या फुटताना काँक्रीट, पोलाद कुरतडतात. म्हणून दरवाजाच्या लगेच मागे हवानळ ठेवतात.

हवानळ केवढा ठेवायचा? कॅलिन्स्के आणि रॉबर्टसन यांनी १९४३ साली, पाइपातल्या हायड्रॉलिक जंपवर प्रयोग करून सूत्र दिलं: फ्रूड अंकातून १ वजा करा, उत्तराचा १.४ घात घ्या आणि ०.००६६ ने गुणा. हे झालं हवेचं पाण्याशी प्रमाण. मी फ्रूड अंक ६ आणि पाणी सेकंदाला १०० घनमीटर धरलं. हवा आली सुमारे ६.३ घनमीटर. अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्सचं सूत्र प्रत्यक्ष धरणांवरच्या मोजणीतून आलेलं. त्यात गुणक ०.०३ आणि घात १.०६. त्याने हवा आली १६.५ घनमीटर! हवेचा वेग सेकंदाला ४५ मीटरच्या आत ठेवायचा, तर पहिल्या हिशेबाने हवानळाचा व्यास ४२ सेंटिमीटर पुरतो, दुसऱ्याने ६८ लागतो.

एवढा फरक का? एक मोठं कारण मॉडेलच्या आकारात आहे. १:२५ च्या मॉडेलमध्ये फ्रूड अंक जुळवला की वेग पाचपट कमी होतो. पण पाणी तेच, पृष्ठताण तोच. बुडबुडे काही पंचवीसपट लहान होत नाहीत. त्यामुळे मॉडेल हवा कमी ओढतं. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएससारख्या संस्थांत मॉडेलवर अभ्यास होतो, तेव्हा हा 'स्केल इफेक्ट' लक्षात ठेवावाच लागतो.

विमोचकातला प्रवाह बिघडला की काय होतं, ते महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ ला पाहिलं. पानशेतला दरवाजांचं काम अपुरं होतं, ते अर्धवट उघडे राहिले. नळमार्ग कधी पूर्ण भरून, कधी अर्धा वाहू लागला. पाण्याचे ठोके बसून तो खिळखिळा झाला, वरचा भराव खचला आणि धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. त्या दुर्घटनेला इतरही कारणं होती. पण बंदिस्त नळातला अस्थिर प्रवाह किती घातक, हे तिथे कळलं.

तेव्हा उद्या ड्रॉइंगवर हवानळ दिसला आणि कोणी म्हणालं, "हा पाइप कशाला? खर्च वाचवू," तर गप्प बसू नका. आधी हिशेब मागा, आणि तो कुठल्या सूत्राने केला तेही विचारा.