जपानी आणि बर्मी : भाषा दोन, शरण एक

जपान आणि ब्रह्मदेश (म्यानमार) या दोन्ही देशांत बुद्धाचा धम्म पोहोचला. त्यांच्या भाषांकडे आपण अभ्यासकाच्या दृष्टीने पाहू या.

‘मी भात खातो’ हे वाक्य जपानीत ‘वाताशि वा गोहान ओ ताबेमास’, तर बर्मीत ‘च्यनॉ थमिन सा दे’ असे होते. मराठीप्रमाणेच दोन्हींत क्रियापद शेवटी येते. तरीही या भाषा एका कुळातील नाहीत. बर्मी तिबेटी-बर्मी गटातील आहे. जपानीचे कूळ निराळे. बर्मी लिपी ब्राह्मीपासून निघाली. जपानने चिनी अक्षरे स्वीकारली व त्यांतूनच आपली ‘काना’ लिपी घडविली.

‘संघ’ हा शब्द पाहा. पालीतून बर्मीत जाताना तो ‘थंगा’ झाला. जपानीत तो चीनमार्गे ‘सो’ होऊन आला व भिक्खू या अर्थाने रुळला. वाटा वेगळ्या झाल्या, उच्चार बदलले. परंतु बुद्ध, धम्म, संघ हे त्रिशरण दोन्हीकडे टिकले.

आपणही वंदना पालीत म्हणतो. पण तिचा अर्थ आपल्या मुलांना मराठीत समजावून सांगतो काय? विद्यार्थ्यांनी पाली अवश्य शिकावी आणि आपण वडीलधाऱ्यांनी अर्थ सांगण्याची जबाबदारी घ्यावी. अर्थ कळला तरच धम्म आचरणात उतरेल.