जुन्या तिकिटावरचा घोषवाक्याचा शिक्का कसा ओळखायचा?

जुनी टपाल तिकिटं गोळा करताना आपण स्वच्छ तिकीट निवडतो आणि शिक्क्याने काळं झालेलं बाजूला टाकतो. आज त्या बाजूला टाकलेल्या तिकिटांकडे नीट बघू या.

तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून पोस्टात त्यावर शिक्का मारतात. हाताने मारलेला शिक्का बहुधा गोल असतो, त्यात गावाचं नाव आणि तारीख. मोठ्या शहरांत पत्रांचे ढीग असायचे, तिथे हे काम यंत्र करू लागलं. यंत्राचा शिक्का आडवा, लांबट. एकीकडे तारखेचा गोल, दुसरीकडे नागमोडी किंवा सरळ रेघा. पुढे या रेघांच्या जागी घोषवाक्य आलं. ब्रिटनमध्ये डिसेंबर 1917 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, युद्धाचे रोखे विकत घ्या असं सांगणारा शिक्का पत्रांवर पडू लागला. जाहिरात फुकट आणि घरोघरी पोचणारी!

आपल्याकडचा सगळ्यात बोलका शिक्का म्हणजे 15 ऑगस्ट 1947 चा 'जय हिंद'. देश स्वतंत्र झाला, पण स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट निघालं 21 नोव्हेंबर 1947 ला. मग मधले तीन महिने पत्रांवर काय लावायचं? सहाव्या जॉर्जचं चित्र असलेलीच जुनी तिकिटं. म्हणजे तिकिटावर इंग्लंडचा राजा आणि त्याच्या चेहऱ्यावर काळ्या शाईत 'जय हिंद'! माझ्या मते इतिहासाच्या पुस्तकातलं एक अख्खं पान या एवढ्याशा कागदावर मावलंय. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोव्हेंबरच्या त्या पहिल्या तिकिटावर, तिरंग्याच्या तिकिटावर, 'जय हिंद' छापलेलंच आहे, तो शिक्का नव्हे. शिक्क्याची शाई तिकिटाच्या दातेरी कडेपर्यंत जाते आणि तिथे मध्येच तुटते, कारण उरलेला भाग पाकिटावर राहिलेला असतो.

खरी अडचण हीच आहे. तारखेचा गोल बहुतेक वेळा पाकिटावर पडतो आणि सुट्या तिकिटावर येतात वाक्यातली तीन-चार अक्षरं. समजा '...रिवार' एवढंच दिसलं. आपल्या डोक्यात मराठी 'कुटुंब' असतं, पण शिक्क्यांवरची भाषा बहुधा हिंदी आणि इंग्रजी, त्यामुळे 'परिवार' शोधा. जवळ त्रिकोणाचा तुकडा असेल तर कुटुंब नियोजनाचा प्रचार समजायला हरकत नाही, त्या मोहिमेची खूणच लाल त्रिकोण होती. शिक्क्यात तो अर्थात काळाच उमटणार.

काळ ठरवायला तिकिटाची किंमत बघा. आणे असतील तर तिकीट 1957 च्या आधीचं. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले, आणि 1964 मध्ये त्यातलं 'नवे' गेलं. पण यावरून शिक्का कधीच्या आधीचा नाही एवढंच कळतं. तिकिटं घरात वर्षानुवर्षं पडून राहतात की! तसंच वाक्याचंही. पिनकोड लिहा असं सांगणारा शिक्का 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला.

वाचताना भिंग घ्या, तिकीट खिडकीशी तिरकं धरा. एकाच वाक्याचे तुकडे दोन तिकिटांवर असतील तर दोन्ही पातळ कागदावर गिरवा आणि सारखी अक्षरं एकमेकांवर ठेवा, वाक्य लांबत जातं. शिक्का लाल असेल आणि तिकीटच नसेल, तर तो फ्रँकिंग यंत्राचा. तिथलं वाक्य एखाद्या कंपनीचंही असू शकतं.

आता घरच्या जुन्या ट्रंका उघडाल तेव्हा, आजी-आजोबांना विचारूनच, एक करा. पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. अख्खं पाकीट तसंच वहीत ठेवा, म्हणजे गाव, तारीख आणि वाक्य तिन्ही एकत्र राहतील.