चटईच्या आधी शेजारी

वाचन : मार्क १:२९–४५



योगाविषयी आपल्या मंडळ्यांत दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना तो परधर्म वाटतो, काहींना नुसता पाठदुखीवरचा व्यायाम. दोघेही चटईपाशीच अडतात. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत आसन तिसरे आणि ध्यान सातवे. पहिले अंग यम : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. म्हणजे कोणाला दुखवू नये, खोटे बोलू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, वासना आवरावी, गरजेपेक्षा जास्त साठवू नये. मोशेच्या आज्ञा पाठ असलेल्यांना ही यादी परकी वाटायचे कारण नाही. डोळे मिटण्याआधी माणसाने माणसाशी नीट वागावे, असा तो क्रम आहे. घरात सुनेशी अबोला धरून सकाळी प्राणायाम करणाऱ्याने पहिली दोन अंगे गाळलेली असतात!

आता वाचनाकडे वळू. कफर्णहूमात संध्याकाळी सगळे नगर दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, प्रभू येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन व सोबती शोधत आले. सगळे तुझी वाट पाहत आहेत म्हणाले. प्रभू एकांतात राहिला नाही, आणि आदल्या दिवशीच्या गर्दीकडेही परतला नाही. तो आसपासच्या गावांकडे निघाला. त्यानंतर मार्क ज्याची गोष्ट सांगतो तो कुष्ठरोगी आहे, आणि प्रभूने त्याला हात लावला. पहाटेचा एकांत आणि तो स्पर्श, यांच्यात जेमतेम पाचसहा वचनांचे अंतर आहे.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट काही लोक चालून गेले आहेत. रेव्ह. जॅक विन्स्लो हे अहमदनगर भागात काम करणारे इंग्रज मिशनरी. रेव्ह. ना. वा. टिळकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनी लिहिले. १९२२ साली त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढे संघाचा आश्रम पुण्यात उभा राहिला. खादीचे कपडे, जमिनीवर बसून उपासना, मौन व मनन. योगाच्या आठ अंगांच्या चौकटीत ख्रिस्ती साधना मांडणारे एक पुस्तकही विन्स्लोंनी लिहिले.

या संघात १९२७ साली व्हेरियर एल्विन आले, आणि येथेच त्यांना शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती सोबती मिळाले. १९३२ साली दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंड लोकांत राहायला गेले. तेथे त्यांनी शाळा, दवाखाना आणि कुष्ठरोग्यांसाठी घर चालवले. लोक एल्विनना बडा भाई म्हणत, शामरावांना छोटा भाई. एल्विनचे नाव जगभर झाले. मला मात्र छोटा भाई जास्त जवळचे वाटतात. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधान लोकांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४६ साली निघाले. लोकांच्या ओसरीवर वर्षानुवर्षे बसून ऐकल्याशिवाय असे पुस्तक हातून होत नाही. एल्विन पुढे चर्चपासून दूर गेले, हेही सांगितले पाहिजे. आश्रमातल्या मौनाने सगळ्यांना एकाच मुक्कामाला पोहोचवले नाही.

आश्रमात हे ठीक, पण काळाचौकीत शांतता आणायची कुठून? आम्ही चार घरची माणसे दर गुरुवारी संध्याकाळी एका खोलीत बसतो. शेजारच्या कुकरच्या शिट्या, कॉटन ग्रीनकडून हार्बरच्या गाडीचा भोंगा, खाली पोरांचे क्रिकेट, आणि गणपतीच्या आधी महिनाभर ढोलाची तालीम. येथे फादर ॲन्थनी डिमेलो यांचा उपयोग झाला. १९३१ साली मुंबईत जन्मलेले हे येशूसंघी धर्मगुरू. लोणावळ्याच्या साधना संस्थेमागे तेच होते. १९७८ साली निघालेल्या ‘साधना’ या त्यांच्या पुस्तकात आवाजांशी झगडू नये, एकेक आवाज नुसता ऐकावा, असा अभ्यास आहे. त्यांच्या काही लिखाणाविषयी रोमने १९९८ साली सावधगिरीचा इशारा दिला होता. मनात शंका असेल त्यांनी आपल्या पाळकांशी जरूर बोलावे. श्वासाकडे लक्ष देण्यात मात्र मला काही वावगे दिसत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, आणि श्वास, वारा व आत्मा यांना इब्री भाषेत एकच शब्द आहे.

आमची रीत साधी. पाठ ताठ ठेवून बसायचे. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची घ्यावी. पाच मिनिटे फक्त श्वास येतो-जातो तो पाहायचा. मन बाजारहाटाकडे धावले की न रागावता परत आणायचे. पुढची पाच मिनिटे आवाज. शेवटी वाचनातले एकच वचन, सावकाश.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी आमच्यातल्या एक ताई डोळे उघडून म्हणाल्या, “भिंतीपलीकडच्या आजी किती खोकतात!” तो खोकला दोन वर्षे आमच्या सगळ्यांच्या कानांवर पडत होता. आजोबा गिरणीत होते. ते गेल्यापासून आजी एकट्या. ताई उठून गेल्या. आजींना औषधाआधी कोणीतरी बसून बोलायला हवे होते. आता गुरुवारी त्याही येऊन बसतात. त्या प्रार्थना म्हणत नाहीत, आणि आम्ही त्यांना म्हणायला सांगतही नाही.

या अंकात पाड्यांवरच्या बातम्या तुम्ही वाचाल. वर्गणीचा आकडा ठरवण्याआधी त्यांतली एक बातमी निवडा आणि तेवढीच समोर ठेवून दहा मिनिटे बसा. ती बाई हंडा घेऊन किती चालते, मुलाला ताप आला की त्याला कोण उचलून नेते, हे डोळ्यांपुढे येऊ द्या. उपाय सुचू लागतील. ते तूर्त बाजूला ठेवा. मग कार्यकर्त्यांना पत्र लिहा, आणि त्यात सल्ला न देता एखादा प्रश्न विचारा. आणि कधी जव्हार-मोखाड्याकडे भेटीला गेलात, तर अंगणात बसल्याबरोबर मोबाइल काढू नका. घरची माणसे बोलायला वेळ घेतात. तोवर श्वास मोजत बसायला हरकत नाही.